आइस हॉकी : शाफ्टमध्ये बदली ब्लेड पक्के कसे बसवावे?

मिसिसागाकर

नमस्कार. मराठी घरात हॉकी म्हटले की मैदानावरची हॉकी डोळ्यांसमोर येते. ती काठी एकसंध असते आणि मोडली की नवी घेण्यावाचून गत्यंतर नसते. येथे कॅनडात माझा मुलगा १३ वर्षांखालील गटात बर्फावरची हॉकी खेळतो. तिच्या स्टिक दोन प्रकारच्या असतात, काही एकसंध आणि काही दोन भागांच्या. दोन भागांच्या स्टिकमध्ये पोकळ, चौकोनी शाफ्ट असतो आणि त्याच्या खालच्या तोंडात ब्लेडचा खुंट चिकटवलेला असतो, त्यामुळे ब्लेड झिजले किंवा तडकले तर तेवढेच बदलता येते. एकसंध कार्बनच्या चांगल्या स्टिकची किंमत आता ३०० डॉलरच्या वर जाते आणि वाढत्या वयाच्या मुलाला ती फार तर एखादा हंगाम पुरते, म्हणून आम्ही दुसरा मार्ग पत्करला. जुन्या सामानाच्या दुकानातून ६० फ्लेक्सचा (फ्लेक्स म्हणजे ताठरपणाचा आकडा) कार्बनचा शाफ्ट घेतला आणि त्याच मापाचे, म्हणजे इंटरमीजिएट (ज्युनिअर आणि सीनिअर यांच्या मधले), बदली ब्लेड घेतले. विक्रेत्याने ते ‘सगळ्या शाफ्टना बसते’ असे सांगितले होते.

अडचण अशी आहे की ब्लेड टिकत नाही. हेअर ड्रायरने शाफ्टचे तोंड तापवून, खुंटावर ग्लू गनचा ग्लू सढळ हाताने लावून मी ते आत दाबतो, वरून टेप गुंडाळतो, आणि पहिले एकदोन सराव उत्तम जातात. त्यानंतर मात्र सांध्यापाशी केसाएवढी फट दिसू लागते, पक (चेंडूऐवजी असणारी रबराची चकती) अडवताना ‘टक’ असा आवाज येतो, आणि ब्लेडचे टोक हातात धरून हलवले तर ते मागेपुढे दोनतीन मिलिमीटर सहज डुलते. मुलगा म्हणतो की पास नेमका कोठे जाईल ते सांगता येत नाही, आणि त्याचे म्हणणे रास्त आहे.

ग्लूऐवजी इपॉक्सी वापरावे काय? सांध्यात काही भरावे काय? की तापवण्याच्या पद्धतीतच दोष आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

कॅल्गरीचा बचावपटू

तुमच्या वर्णनात ग्लूचा उल्लेख अनेकदा आला आहे आणि मापाचा एकदाच, तोही विक्रेत्याच्या तोंडचा. माझ्या मते दुखणे तेथेच आहे. या सांध्यात ग्लूचे काम फक्त खुंटाला जागेवरून सरकू न देण्याचे असते. पकचा मार सोसण्याचे काम खुंटाच्या चार बाजू आणि शाफ्टच्या आतल्या चार भिंती यांच्या घट्ट संपर्काने व्हायला हवे. कठीण रबराचा, सुमारे १७० ग्रॅमचा पक वेगाने येऊन ब्लेडच्या टोकावर आदळतो, तेव्हा तो मार सांध्यापाशी तरफेसारखा वाढून पोहोचतो. तेथे ग्लूचा जाड थर असेल तर तो रबरासारखा दबतो, सुटतो, पुन्हा दबतो, आणि काही दिवसांत भिंतीपासून अलग होतो. म्हणजे ग्लू जितका जास्त भरावा लागतो, तितका सांधा कच्चा असतो.

म्हणून सर्वप्रथम ग्लू न लावता ब्लेड कोरडेच बसवून पाहा. जुना ग्लू दोन्हीकडून पूर्ण काढलेला हवा. शाफ्टच्या आतला ग्लू तापवून, लाकडी काडीने खरवडून काढावा. आत स्क्रूड्रायव्हर घालून भिंती ओरबाडू नयेत. कोरडा खुंट हाताच्या जोराने, किंचित अडत अडत, खांद्यापर्यंत (म्हणजे खुंट जेथे ब्लेडला मिळतो तेथपर्यंत) आत जायला हवा आणि शाफ्ट उचलून ब्लेड खाली धरले तर ते आपोआप गळून पडता कामा नये. गळून पडत असेल तर तो सांधा कोणत्याही ग्लूने टिकणार नाही.

आता मापाविषयी. ज्युनिअर, इंटरमीजिएट, सीनिअर हा एक भेद झाला. दुसरा भेद विक्रेते पुष्कळदा सांगत नाहीत, तो म्हणजे स्टँडर्ड आणि टेपर्ड हा. स्टँडर्ड शाफ्ट वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचा असतो. टेपर्ड शाफ्ट शेवटच्या काही इंचांत निमुळता होत जातो, त्यामुळे त्याचे तोंड लहान असते आणि त्यात बसणाऱ्या ब्लेडचा खुंटही बारीक असतो. स्टँडर्ड ब्लेड टेपर्ड शाफ्टमध्ये शिरतच नाही, त्यामुळे ती गफलत लगेच कळते. उलट टेपर्ड ब्लेड स्टँडर्ड तोंडात अगदी सहज शिरते, ग्लूने धरूनही ठेवले जाते, आणि मग नेमके तुम्ही वर्णन केले आहे ते सर्व घडते. तेव्हा शाफ्टच्या तोंडाचे आतले माप आणि खुंटाचे बाहेरचे माप, दोन्ही रुंदी आणि जाडी अशी वेगवेगळी, व्हर्नियर कॅलिपरने घ्या. एका बाजूला अर्ध्या मिलिमीटरपर्यंत फरक असेल तर उपाय आहे. त्याहून अधिक असेल तर ब्लेड बदला.

बसवण्याची रीत थोडक्यात सांगतो. शाफ्टच्या वरच्या टोकाचे टोपण आधी काढून ठेवावे, कारण वरचे तोंड बंद असेल तर आत कोंडलेली हवा तापून फुगते आणि बसवलेले ब्लेड तुमच्या डोळ्यांदेखत हळूहळू बाहेर ढकलते. पुष्कळ बदली ब्लेडच्या खुंटावर कारखान्यातूनच ग्लूचा पातळ थर आलेला असतो, तो पुरतो. वर आणखी थापण्याची गरज नसते. शाफ्टचे खालचे तीनचार इंच चारही बाजूंनी फिरवत फिरवत तापवा, खुंटावरचा ग्लू वेगळा तापवा. ग्लू थंड असताना दुधी दिसतो, वितळला की पारदर्शक आणि चकचकीत होतो, ती खूण लक्षात ठेवा. केवळ शाफ्ट तापवून थंड खुंट आत घातला तर ग्लू भिंतीला लागताच गोठतो, वरवर पकडतो, आणि सराव संपेपर्यंत सुटतो. हेअर ड्रायर वापरणाऱ्यांच्या बाबतीत ही गोष्ट हमखास घडते, कारण त्याची उष्णता आतपर्यंत पोहोचायला बराच वेळ लागतो आणि तोवर माणसाचा धीर सुटतो.

खुंट एका दमात खांद्यापर्यंत दाबा. सांध्यातून चारही बाजूंनी ग्लूची बारीक कड बाहेर आली, तर आत सगळीकडे ग्लू पोहोचला असे समजावे. लगेच शाफ्ट डोळ्यापाशी धरून वरून खाली नजर टाका आणि ब्लेड तिरके बसलेले नाही ना, ते पाहा. सरळ करायला तुमच्या हाती अर्धे मिनिटच असते. त्यानंतर ब्लेड जमिनीवर टेकवून स्टिक भिंतीला उभी करा आणि पूर्ण थंड होईपर्यंत तिला हात लावू नका. बाहेर आलेला ग्लू गार झाल्यावर नखाने सुटतो. टेप शेवटी, तो सांध्यात पाणी आणि बर्फाचा चुरा जाऊ नये म्हणून असतो, ताकदीसाठी नव्हे.

रंधा

मला बर्फावरच्या हॉकीतले काही कळत नाही, परंतु सुतारकामाचा अनुभव आहे. कुऱ्हाडीचा दांडा ढिला झाला की आपण त्यात पाचर ठोकतो आणि तो वर्षानुवर्षे हलत नाही. येथे खुंटाच्या दोन्ही अंगांना सागाच्या बारीक पाचरी ठोकल्या तर ग्लूचा प्रश्नच उरणार नाही, असे मला वाटते. लाकूड ओलाव्याने फुगते, म्हणजे पकड वाढतच जाईल.

तंतुजाल

रंधा यांचा सल्ला लोखंडी कुऱ्हाडीसाठी योग्य आहे, कार्बनच्या शाफ्टसाठी घातक आहे. मी कंपोझिट वस्तूंच्या उत्पादनात काम करतो, म्हणून याचे कारण थोडे विस्ताराने लिहितो.

पाचर आतून बाहेर ढकलते. कुऱ्हाडीचे लोखंड तो ताण सहज सोसते. शाफ्टची भिंत मात्र जेमतेम दोन मिलिमीटरच्या आसपास जाडीची, रेझीनमध्ये बसवलेल्या तंतूंच्या थरांची असते, आणि त्यातले बहुतेक तंतू शाफ्टच्या लांबीच्या दिशेने जातात, कारण स्टिक वाकून परत उसळावी हाच त्यांचा हेतू असतो. आडव्या दिशेला आवळून धरणारे तंतू त्यामानाने कमी असतात. आतून पाचरीचा ताण दिला की चार कोपऱ्यांपैकी एका कोपऱ्यावर उभी चीर जाते, आणि एकदा गेलेली चीर प्रत्येक फटक्याबरोबर वर चढत जाते. बाहेर पडलेले कार्बनचे कूस हातमोज्यातूनही टोचते, ते वेगळेच. लाकूड ओलाव्याने फुगेल हा तर फायदा नसून धोका आहे.

तेव्हा फट भरायची असेल तर ती ठोकून नव्हे, गुंडाळून भरावी. कॅल्गरीकरांनी सांगितलेल्या अर्ध्या मिलिमीटरच्या आतल्या फरकासाठी प्लास्टरच्या भेगांवर लावतात ती फायबरग्लासची जाळीदार पट्टी खुंटाच्या ज्या बाजूला मोकळीक आहे तेवढ्याच बाजूला लावावी. जाळीच्या भोकांतून ग्लू आरपार जातो आणि पट्टी व ग्लू मिळून एक घट्ट थर तयार होतो. मास्किंग टेपचा एखादा वेढाही चालतो, मात्र कागद ओला झाला की मऊ पडतो. चारही बाजूंना सारखा थर देण्याचा मोह टाळा, कारण खुंट बहुधा एकाच दिशेला ढिला असतो.

उष्णतेबद्दल अधिक सावध राहायला हवे. ग्लू गनच्या कांड्या ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतात आणि त्याहून काही अंश वर नीट वाहू लागतात. शाफ्टमधले इपॉक्सी रेझीन तापमानाची एक मर्यादा ओलांडली की आपला ताठरपणा गमावते. खेळाच्या सामानात ही मर्यादा साधारण १०० ते १५० अंशांच्या दरम्यान, रेझीनच्या जातीनुसार असते. म्हणजे ग्लू वितळवणे आणि शाफ्ट बिघडवणे यांतले अंतर फार नाही. हीट गनच्या (गरम हवेचा झोत सोडणाऱ्या अवजाराच्या) तोंडाशी तापमान ३०० अंशांच्या वर सहज जाते, म्हणून ती कमी झोतावर, वीतभर दूर धरून, सतत हलती ठेवावी. रंगावर फोड आला किंवा करपल्यासारखा वास आला, तर थर सुटू लागले असे धरून चाला. शंका असेल तर शाफ्ट थंड झाल्यावर नाण्याने टकटक करत खालून वर जा. निरोगी भिंतीचा आवाज टणक आणि स्वच्छ असतो, थर सुटलेल्या जागी तो बद्द होतो. उघड्या ज्योतीचा तर विचारही नको.

इपॉक्सीविषयी माझे मत स्पष्टपणे प्रतिकूल आहे. सांधा मजबूत होतो यात वाद नाही, पण ते ब्लेड पुढे कधी बदलायचे झाले तर ते सोडवण्याइतकी उष्णता दिल्यावर शाफ्टचे रेझीन शाबूत राहील याची खात्री उरत नाही. मग दोन भागांची स्टिक घेण्यात अर्थ तो काय राहिला?

कॅल्गरीचा बचावपटू

ज्योतीवरून आठवले. शाफ्ट ॲल्युमिनिअमचे असत त्या काळी ड्रेसिंग रूममध्ये प्रोपेनचा टॉर्च ही नित्याची वस्तू होती. लॉस एंजेलिस किंग्ज संघाकडून खेळताना विख्यात खेळाडू वेन ग्रेट्झकीच्या हातात ईस्टन कंपनीचा चंदेरी ॲल्युमिनिअमचा शाफ्ट असे आणि त्यात लाकडी ब्लेड बसवलेले असे. ते चित्र पाहून आमच्या पिढीने तेच शाफ्ट मागून घेतले. धातू ज्योत सहन करत होता, खुंटाचे लाकूड थोडे करपले तरी चालत होते. आजही काही वडीलधारी मंडळी त्याच सवयीने मुलांच्या कार्बनच्या शाफ्टला टॉर्च लावताना दिसतात. तंतुजाल यांनी लिहिलेले त्यांना कोणीतरी वाचून दाखवावे.

मिसिसागाकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे सर्व ग्लू काढून मापे घेतली. ब्लेड टेपर्ड जातीचे आहे. शाफ्टही मुळात टेपर्डच असावा, कारण खालच्या बाजूला तो थोडा निमुळता होताना दिसतो, परंतु निमुळता भाग जेमतेम दीड इंचाचाच उरला आहे आणि तोंडाची कड कारखान्यातल्यासारखी गुळगुळीत नाही. तेथे करवतीचे बारीक ओरखडे दिसतात. आधीच्या मालकाने खालचा तडकलेला भाग कापून टाकला असावा, असा माझा तर्क आहे. रुंदीच्या दिशेने खुंट जवळजवळ दीड मिलिमीटरने लहान पडतो, जाडीच्या दिशेने त्याहून थोडा कमी. स्टँडर्ड ब्लेडही दुकानात नेऊन लावून पाहिले, ते आत शिरत नाही. आता हा शाफ्ट टाकूनच द्यावा काय?

कॅल्गरीचा बचावपटू

मुळीच नाही. तुमचा तर्क बरोबर आहे आणि असे खालून कापलेले शाफ्ट जुन्या बाजारात बरेच येतात. निमुळत्या भागात मधेच कापले की जे तोंड उरते ते ना टेपर्डचे असते ना स्टँडर्डचे. त्यावर दोन मार्ग आहेत. निमुळता भाग संपतो तेथपर्यंत आणखी कापून स्टँडर्ड ब्लेड लावता येते. मात्र तुमच्या शाफ्टची लांबी आधीच कमी झालेली आहे, आणि शाफ्ट आखूड केला की तो अधिक ताठ होतो. फ्लेक्सचा आकडा म्हणजे शाफ्ट एक इंच वाकवायला किती पौंड जोर लागतो त्याचे माप. मुलाच्या वजनाच्या, पौंडांतल्या, साधारण निम्मा फ्लेक्स असावा असा येथे ठोकताळा आहे. त्या हिशेबाने ६० फ्लेक्सच तेरा वर्षांखालच्या बहुतेक मुलांना भारी पडतो, त्यात आणखी भर नको.

दुसरा मार्ग मला अधिक पसंत आहे : शाफ्ट उलटा करा. वरच्या टोकाचे तोंड टेपर्ड शाफ्टमध्येही सहसा पूर्ण जाडीचे असते, म्हणजे त्यात त्याच गटाचे स्टँडर्ड ब्लेड बसू शकते. तेथे आतून लाकडी जोडतुकडा चिकटवलेला असेल तर तो तापवून काढा, कोरडे बसवून पाहा, आणि खुंट घट्ट होत असेल तर खुंटालाच पॉलिश पेपर मारा, शाफ्टच्या आतल्या भिंतींना कदापि नाही. घासताना चारही बाजू सपाट राहिल्या पाहिजेत. कोपरे गोल झाले की पकड जाते. शाफ्टवरची अक्षरे उलटी दिसतील, मुलाची त्याला हरकत असेल तर त्याचा निर्णय तुमच्या घरात होईल. वाकण्याची जागाही थोडी बदलेल, कारण निमुळता भाग आता वरच्या हाताखाली येईल, परंतु या वयात तो फरक जाणवण्याजोगा नसतो.

वर आलेले कापीव तोंड मात्र उघडे ठेवू नका. पोकळ शाफ्टचे वरचे टोक झाकलेले असावे असा नियम आहे आणि तो योग्यच आहे, कारण उघडी कड कोणाच्याही मानेला किंवा चेहऱ्याला लागली तर कापते. तेथे बाजारातले टोपण बसणार नाही, तेव्हा मऊ लाकडाचा तुकडा तासून ग्लूने बसवा आणि त्यावर टेपची चांगली गाठ बांधा.

नवे ब्लेड घेताना आणखी एक पाहून घ्या. जुन्या ब्लेडखालचा टेप टाचेकडे, म्हणजे शाफ्टजवळच्या बाजूला, जास्त झिजला असेल तर त्या मुलाला कमी लाय हवी, टोकाकडे झिजला असेल तर जास्त. लाय म्हणजे ब्लेड आणि शाफ्ट यांमधल्या कोनाचा आकडा. बहुतेक ब्लेडवर तो पाच किंवा सहा असा छापलेला असतो. आणि डावे-उजवे तपासून घ्या. मैदानी हॉकीत डावखुरी काठी नसतेच, त्यामुळे धनराज पिल्ले यांच्या खडकीतून आलेल्या माणसाला हा प्रश्न सुचत नाही. येथे मात्र उजव्या हाताने लिहिणारी कितीतरी मुले डावे ब्लेड वापरतात.

तंतुजाल

उलटा शाफ्ट हा उपाय मलाही मान्य आहे. फक्त बसवण्यापूर्वी दोन्ही टोकांची नाण्याने तपासणी करा, कारण ज्याने खालचे टोक कापले त्याने ते कशामुळे कापले हे आपल्याला ठाऊक नाही.

साठवणुकीविषयी एक राहिले होते. ग्लू कडाक्याच्या थंडीत ठिसूळ होतो, म्हणून जानेवारीत स्टिक रात्रभर गाडीच्या डिकीत ठेवून सकाळी तिच्यावर फटके मारू नयेत. ती घरात ठेवावी. आणि जुलैत बंद गाडी उन्हात तापली की ग्लू मऊ पडण्याच्या बेतात येतो. नीट बसवलेले ब्लेडही त्यामुळे किंचित सरकते.

चाकांवरचा पुणेकर

आम्ही पुण्यात इनलाइन स्केट्सवर हॉकी खेळतो, तेथे सिमेंटच्या जमिनीवर कार्बनचे किंवा लाकडाचे ब्लेड पाहता पाहता झिजते, म्हणून एबीएस प्लास्टिकचे ब्लेड वापरतो. आपला मुलगा उन्हाळ्यात घरासमोर खेळत असेल तर तुम्हालाही तेच लागेल. त्यासाठी एवढीच भर घालतो : एबीएस स्वतःच १०० अंशांच्या आसपास मऊ पडते, त्यामुळे त्याच्या खुंटावर हीट गन धरली तर खुंट पिळवटतो आणि थंड झाल्यावर तसाच राहतो. या ब्लेडच्या बाबतीत शाफ्टच तापवावा, खुंटावर ग्लू गनमधून ताजा वितळलेला ग्लू पातळ ओढावा आणि लगेच आत घालावा. काढतानाही हेअर ड्रायरच वापरावा, वेळ लागला तरी. ब्लेड उपसताना ते पिळू नये, सरळ ओढावे. प्लास्टिकचा खुंट गरम असताना पिळला तर आतच तुटतो, आणि तो तुकडा बाहेर काढण्याइतके चिकट काम दुसरे नाही.

मिसिसागाकर

वरचे टोक मोजले. आत लाकडी तुकडा होता, तो काढला. स्टँडर्ड इंटरमीजिएट ब्लेड कोरडे असताना खांद्यापासून अर्धा इंच अलीकडे अडते, म्हणजे खुंटाच्या रुंद बाजूंना पॉलिश पेपर मारावा लागेल असे दिसते. नाण्याचा आवाज दोन्ही टोकांना टणक आहे. शनिवारी बसवतो. उलट्या अक्षरांना मुलाची हरकत नाही, तो त्यावर काळा टेप गुंडाळणार आहे.

तंतुजाल

घासताना थोडे घासून पुन्हा पुन्हा लावून पाहा, एका दमात घासू नका. टेप गुंडाळा, पण सांध्याच्या वरचा वीतभर भाग उघडा ठेवा, म्हणजे चीर पडलीच तर ती वेळेत दिसेल.